पुण्याच्या टेबलावरचा हात

श्रीरामपुरात उसाचा हंगाम सुरू झाला हे मला कुणी सांगावं लागत नाही. नाकच सांगतं. दिवाळीचे कंदील अजून उतरलेले नसतात, आणि एका सकाळी दार उघडावं तर मळीचा तो आंबटगोड, किंचित उग्र वास उंबऱ्याशी उभा. न बोलावता आलेला आणि उन्हाळ्याशिवाय हलायचं नाही असं ठरवूनच आलेला पाहुणा. मग रस्त्यावर चिपाडं दिसू लागतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चौक अडवतात, आणि चार-पाच महिने सगळं गाव चिकट होऊन बसतं.

या वासानं कुणाला गरम काकवी आठवते, कुणाला गुऱ्हाळावर घालवलेली सुट्टी. मला हेवा आठवतो. दचकू नका. लोक प्रेमाच्या आठवणी लिहितात, विरहाच्या लिहितात, मग हेव्यानंच काय घोडं मारलंय? इतक्या निष्ठेनं, इतका वेळ देऊन, इतक्या बारकाईनं मी आयुष्यात दुसरं काहीही केलेलं नाही. संसारसुद्धा नाही. आमच्या हिला हे माहीत आहे.

यंदा वासाच्या पाठोपाठ माझी पुतणी सुषमा आली, तणतणत. ती कारखान्याच्या कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला आहे. मी एकदा तिथं जाऊन आलोय, चपला बाहेर काढून. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, चित्र नाही, रंग नाही. आपण एक ओळ टाइप करायची, त्यानं एका ओळीत उत्तर द्यायचं. मला ते यंत्र बघताक्षणी आवडलं. सुषमानं त्याला आपलं वळण लावलं होतं. गावोगावच्या उसाची वजनं काढायला हातभर लांब आज्ञा द्यावी लागते, तिचं तिनं दोन अक्षरांत बारसं केलं होतं. ते दोन ठोके मारले की यंत्र काय ते समजून जातं. ओळीच्या सुरुवातीला एरवी एक रूक्ष चिन्ह लुकलुकतं, तिथं तिनं स्वतःचं नाव आणून बसवलं होतं. आणि हे सगळं आता शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं जसंच्या तसं उचललं होतं.

"काका, महिनाभर डोकं खपवलंय मी त्यात," सुषमा म्हणाली. "तिनं माझ्या पाठीशी उभं राहून चहा पिता पिता घेतलं. आणि काल साहेब तिलाच म्हणाले, तुमचा हात छान बसलाय."

हात बसलाय. एवढे दोन शब्द ऐकले आणि मी माझ्या अंगणातून उठून थेट पोस्टाच्या तारखोलीत, लाकडी स्टुलावर जाऊन पडलो.

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. मी शेवगावकडचा, कोरडवाहू मुलखातला. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव बैलगाड्या जुंपून ऊस तोडायला इकडं यायचं. त्याच वाटेनं, फक्त एस.टी.त बसून, मी तारबाबू होऊन आलो. तारखोली पोस्टाच्या मागच्या अंगाला होती. आत शिरलं की बॅटऱ्यांचा वास, डिंकाचा वास, जांभळ्या शाईचा वास, आणि हंगामात या सगळ्यांना काखेत मारून बसलेला मळीचा. ओळीनं टेबलं. प्रत्येक टेबलावर पितळेची एक कळ आणि लाकडी खोक्यात बसवलेला एक साउंडर. ज्यांनी तारयंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: कळ म्हणजे तोंड, साउंडर म्हणजे कान. कळ थोडकी दाबली की टिंब, लांब दाबली की रेघ. टिंबांची आणि रेघांची अक्षरं, अक्षरांच्या तारा. इकडं मी कळ दाबली की तिकडं पुण्यातला साउंडर कडकट्ट करायचा, आणि तिथला माणूस ते ऐकत ऐकत लिहून घ्यायचा. एक ओळ आपण, एक ओळ त्यांनी.

गंमत पुढेच आहे. सरकारनं सगळ्यांना एकसारख्या कळी दिल्या होत्या, आणि कुठल्याही दोघांची कळ एकसारखी नव्हती. कळीच्या मागे एक स्क्रू असायचा. तो पिळला की दोन टोकांमधली फट कमी व्हायची, सोडला की वाढायची. एक स्प्रिंग असायची. ताणली की कळ कडक, सैल केली की लोण्यासारखी. माणसाचा सगळा स्वभाव या दोन गोष्टींत उतरायचा. ड्यूटीवर आलेला माणूस आधी कळ लावून घ्यायचा, गवई तंबोरा लावतो तशी. आणि घरी जाताना स्क्रू सैल करून उठायचा. असा आमच्यात रिवाजच होता. आपली लावलेली कळ दुसऱ्यासाठी तशीच सोडून जाणं म्हणजे ताटात उष्टं टाकून उठण्यासारखं.

साउंडरच्या खोक्यात मागे रिकामा डबा ठेवायचा, म्हणजे आवाज घुमायचा आणि बाकी टेबलांच्या कलकलाटात आपला आपल्याला वेगळा ओळखू यायचा. लांबलचक वाक्यांची आम्ही आपापली आखूड रूपं केलेली. लग्नाच्या शुभेच्छांना तर सरकारनंच आठ नंबर दिला होता, नुसता आठ पाठवला की तिकडं अख्खं वाक्य छापलं जायचं. पण आमची घरगुती वेगळी. "चहाला जातोय, तेवढी लाईन सांभाळ" हे सगळं राहुरीच्या तारबाबूला मी दोन अक्षरांत सांगायचो. असं फट, स्प्रिंग, डबा, आखूड शब्द, सगळं जमून आलं की त्या माणसाचा 'हात' तयार व्हायचा. मग नाव सांगायची गरज उरत नसे. पलीकडच्याला पहिल्या चार अक्षरांत कळायचं, कोण बोलतंय ते.

सगळ्यात मानाचं होतं पुण्याचं टेबल. थेट लाईन. खिडकीशी जागा, डोक्यावर पंखा, आणि काउंटरपाशी कापसाच्या अन् गुळाच्या भावाची वाट बघत उभे असलेले व्यापारी, जे इतर कुणाला नाही पण त्या टेबलावरच्या माणसाला "या साहेब" म्हणायचे. उलट राहुरीचं टेबल. एकाच तारेवर राहुरीसकट पाच-सहा छोटी ऑफिसं ओवलेली, आणि त्यावरून जायचं काय, तर बैल हरवला, आई आजारी, लवकर या.

पुण्याच्या टेबलावरचे वयस्कर तारबाबू दसऱ्याला निवृत्त झाले. नेमकी दिवाळीची गर्दी, दुसरा लायक माणूस रजेवर, म्हणून पोस्टमास्तरांनी मला तिथं बसवलं. काय सांगू तुम्हाला ते दिवस. माझी फट एवढी मोठी होती की तीतून आमच्या गावची बैलगाडी वळली असती. स्प्रिंग कडक. एकेक रेघ मी विहिरीवर मोट ओढल्यासारखी ओढायचो. भाऊबिजेला गावी गेलो तेव्हा पारावर बसून सहज बोलल्यासारखं सांगितलं, सध्या पुण्याच्या टेबलावर असतो. त्या क्षणी ते शंभर टक्के खरं होतं.

मी परत आलो, तर तो रजेवरचा लायक माणूस माझ्या आधी परत आलेला. याकोब साळवे. माझ्याच वयाचा, इथलाच, चर्चच्या पाठीमागच्या गल्लीत राहणारा. उंच, सावळा, केसांना तेल, आणि बोटं अशी लांब की देवानं कुणा दुसऱ्यासाठी घडवलेली त्याला घाईत लावली असावीत. तो चर्चमधल्या भजनांना ढोलकी वाजवायचा. मास्तरांनी त्याला पुण्याच्या टेबलावर बसवलं, मला राहुरीच्या. "हंगामभर बघू," ते म्हणाले. "हंगाम उठला की पुण्याचं टेबल कायमचं कुणाला द्यायचं ते ठरवू."

म्हणजे मला एक अख्खा हंगाम होता. आणि माझ्या समोर, दोन पावलांवर, याकोबची पाठ.

याकोबचा हात ऐकणं म्हणजे एक शिक्षा होती. त्याच्या कळीची फट इतकी बारीक की तीतून पोस्टकार्डही गेलं नसतं. स्प्रिंग जेमतेम. मनगट टेबलावर टेकलेलं, आणि बोटं जागची हललेली दिसायची नाहीत. पण टिंबं अशी निघायची जशी थाळीत मोहरी सांडावी. मी सकाळभर घाम गाळून जेवढ्या तारा पाठवायचो तेवढ्या हा पान जमवता जमवता पाठवायचा. त्याचे आखूड शब्द तर असे होते की तीन अक्षरांत तो पुण्याशी हवा, भाव आणि क्रिकेट असं सगळं बोलून घ्यायचा. वर मध्येच स्वतःशी हसायचा. पुण्यानं विनोद केलाय हे मला दिसायचं. काय केलाय ते माझ्या कानाला पकडता यायचं नाही. दुसऱ्याला समजलेला विनोद आपल्या डोळ्यांदेखत होणं याच्याइतकं जळजळीत दुसरं काही नसतं.

लोक मत्सर आणि हेवा एकाच पोत्यात भरतात. मला ते मान्य नाही. मत्सरी माणसाला दुसऱ्याचा डबा फुटलेला हवा असतो. हेवा करणारा त्या डब्याकडं इतक्या प्रेमानं बघतो की तो फुटला तर आधी त्यालाच रडू येईल. मला याकोबचं वाईट व्हायला नको होतं. मला फक्त याकोब व्हायचं होतं, आणि तो मात्र कुठं तरी लांब, अकोले तालुक्याच्या डोंगरात वगैरे, बदली होऊन सुखात असायला हवा होता.

सुरुवात मी डब्यापासून केली. याकोबकडं गोळ्यांचा एक गोल विलायती डबा होता, मिशनच्या कुणा बाईंनी जाताना त्याच्या आईला दिलेला. तो खोक्यात ठेवला की साउंडर असा खणखणीत बोलायचा की वाटावं रुपया वाजतोय. घरी जाताना तो डबा पिशवीत घालून न्यायचा. मी आमच्या स्वयंपाकघरावर धाड घातली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शकूनं माहेरून आणलेले डबे मी एकेक करून ऑफिसात नेले. वनस्पती तुपाच्या डब्यात साउंडर लग्नातल्या ताशासारखा वाजला आणि शेजारच्यानं कानात बोटं घातली. पावडरच्या डब्यात त्याला पडसं झालं. चहाच्या डब्यात बरा होता, पण चहा कशात ठेवायचा यावरून घरी दोन दिवस अबोला. शेवटी हिंगाची डबी. ती मात्र जमली. आवाज असा कोरडा, टोकदार, एकेक ठोका वेगळा.

शकू जेवणाचा डबा द्यायला ऑफिसात आली तेव्हा तिला वासावरूनच कळलं. "आवं, आमटीत घालायचं सोडून हिंग तारंत घालाया लागले का तुमी?" ती खिडकीतून म्हणाली, आणि अख्खी तारखोली माझ्याकडं बघून हसली. याकोब सगळ्यात शेवटी हसला, पण सगळ्यात जास्त वेळ.

आजही आमच्या घरी हिंग फडक्यात बांधून ठेवतात. डबीचा भरवसा नाही, असं ही म्हणते.

मार्गशीर्षात आमच्या गावच्या टोळ्या आल्या. कारखान्याच्या रस्त्याला पाचटाच्या झोपड्या, कोप्या, उभ्या राहिल्या, पहाटे दवात भिजलेल्या, त्यांतून धूर निघायचा. गाड्यांच्या घंटा, बैलांच्या अंगाची वाफ, ओल्या उसाचा हिरवा वास. एका दुपारी माझे चुलते, बाबूतात्या, हातात कोयता तसाच घेऊन पोस्टाच्या खिडकीशी उभे राहिले. उसाच्या पात्यांनी हात कापलेले, डोक्याला टॉवेल. ते डोळे बारीक करून आत बघत होते.

"म्हादू," ते म्हणाले, "यातलं पुनं कोंचं?"

मी याकोबच्या पाठीकडं बोट केलं.

"आन् तू कुठं बसतो?"

मी बसलो होतो तिथंच बसलो होतो. तात्यांनी राहुरीच्या टेबलाकडं पाहिलं, हिंगाच्या डबीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आसंल," ते म्हणाले. "पुनं बी इथून लई लांब न्हाई दिसत. चार हात तर हाय." बिचाऱ्यानं माझी बाजूच घेतली होती. पण ते चार हात मला रात्रंदिवस दिसू लागले. हंगाम उठल्यावर गाड्या गावाकडं परत जाणार, आणि पारावर माझ्याबद्दल काय ते सांगणार. तोवर ते अंतर मला कापायचं होतं.

मग मी स्क्रूकडं वळलो. घरी जाताना याकोब कळ सैल करून उठायचा, त्यामुळं तेव्हा काही हाती लागत नसे. पण चहाला जाताना कोण सैल करतंय? तो बाहेरच्या गाडीवर चहाला गेला की मी तारेचा कोरा कागद घेऊन त्याच्या टेबलाशी जायचो आणि फटीत हळूच सरकवायचो. एकपदरी जातो, दुपदरी अडतो. मग माझ्या टेबलावर येऊन तसाच स्क्रू पिळायचो. स्प्रिंगचे आटे डोळ्यांनी मोजायचे. मनगट टेकवायची सवय करायची. सुरुवातीला राहुरीचा तारबाबू विचारायचा, आज बरं नाही का? मी घाबरलो नाही. घरी जेवायला बसलो की ताटाच्या कडेवर बोटं चालूच. नाताळात याकोबनं घरी बोलावलं तेव्हा करंज्या खाताना माझं लक्ष कशात होतं? त्याच्या दारावर कामट्यांची मोठी चांदणी लावली होती, आत भजन चाललं होतं, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मी ढोलकीवरच्या त्याच्या उजव्या हाताची करंगळी कुठं टेकते ते बघत होतो. त्याच्या आईला वाटलं मी भक्तीत रंगलोय. तिनं मला आणखी दोन करंज्या वाढल्या. त्यांचाही मला हेवाच वाटला, आमच्या घरच्या इतक्या खुसखुशीत होत नसत.

इथवर आलो तेव्हा सुषमानं चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे काका, तुम्ही त्या मुलीसारखे," ती म्हणाली. तिचा आवाज जरा थंड झाला होता. मी म्हटलं, ऐक तर खरं.

संक्रांतीच्या सुमारास माझा हात हलका झाला. एका सकाळी टिंबं आपोआप सांडू लागली. मोहरी! मी थांबून माझ्या बोटांकडं पाहिलं. ते माझ्या मनगटातून निघत होतं, पण माझं नव्हतं, आणि म्हणूनच इतकं गोड लागत होतं.

त्याच दिवसांत याकोबचं मात्र काही तरी बिनसलेलं. थंडी जोरात होती. कारखान्याच्या धुराड्याची काजळी खांबांवर तार बांधायच्या चिनीमातीच्या भांड्यांवर बसायची, पहाटे तिच्यावर दव पडायचं, आणि अर्धी वीज ओल्या खांबातून जमिनीत उतरून जायची. सकाळी लाईन अशी दुबळी व्हायची की पुणं पुन्हा पुन्हा म्हणायचं, परत पाठवा, परत पाठवा. याकोबची मोहरी वाटेतच विरघळत होती. मी मान खाली घालून, ओठ चावून, राहुरीला आजारी आईची तार पाठवत होतो आणि मनात पेढे वाटत होतो. त्यातून काही शिकावं असं मला सुचलं नाही. समोरच्याची अडचण बघताना माणूस इतका खूश असतो की ती कशानं आली हे विचारायला सवड मिळत नाही.

कधी कधी जेवून परत आलो की माझी स्प्रिंग मी ठेवली होती तशी नाही असं वाटायचं. मी झाडूवाल्याला दोनदा बोललो. तो म्हणाला, बाबू, मी टेबलाला शिवतसुद्धा नाही.

शिमगा जवळ आला. उसाच्या गाड्या कमी झाल्या, कोप्या रिकाम्या होऊ लागल्या. बाबूतात्या निरोप घ्यायला येऊन गेले, चार दिवसांत निघतो म्हणाले. आणि एका दुपारी मास्तर, जे स्वतः जुने तारबाबू होते, पुण्याच्या टेबलाशी येऊन बसले. याकोबला त्यांनी बाजूला उभं केलं. सगळ्यांची बोटं थांबली. त्यांनी पुण्याला विचारलं, या टेबलावर कायमचा माणूस द्यायचाय, तुम्हाला कुणाचा हात हवा?

पुण्याचं उत्तर डब्यातून घुमत आलं. सगळ्यांनीच ऐकलं. दिवाळीत जो माणूस होता तो द्या. त्याचं एकही टिंब वाया गेलं नाही. मध्यंतरी कुणी नाजूक हाताचा होता, त्यानं फार छळलं. दिवाळीतला या महिन्यात परत आलाय. तोच ठेवा.

मास्तर गोंधळले. "दिवाळीत तर म्हस्के होते," ते म्हणाले. "आणि या महिन्यात साळवे आहेत." त्यांनी आमच्याकडं आळीपाळीनं पाहिलं.

मी त्यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकलं. दिवाळीत म्हस्के होते, म्हणजे मी! पुण्याला मी आवडलो होतो. तो बैलगाडी वळणारा, मोट ओढणारा हात आवडला होता! मग आताचा ऐकला तर पुणं खुर्चीवरून पडेल, असं मला वाटलं. शपथेवर सांगतो, अगदी असंच वाटलं.

मास्तरांनी पुण्याला सांगितलं, दोघं एकेक तार पाठवतील, नाव सांगणार नाहीत, तुम्ही ओळखा. आधी मी बसलो. चार महिन्यांनी त्या खिडकीशी. पंखा, खिडकीतून येणारं ऊन, काउंटरला टेकलेले दोन व्यापारी. मी स्क्रू पिळला, स्प्रिंग सोडली, मनगट टेकवलं आणि सुटलो. अशी तार मी आयुष्यात पाठवली नव्हती. व्यापारीसुद्धा बोलायचे थांबले. मग याकोब बसला. त्यानं स्क्रू सोडला. आणखी सोडला. स्प्रिंग ताणली. खांद्यातून हात उचलला आणि पहिली रेघ ओढली. ती रेघ मला ओळखीची होती. घरातून हरवलेला तांब्या शेजाऱ्याच्या ओट्यावर दिसावा तशी.

पुणं म्हणालं, पहिला तो नाजूक. दुसरा दिवाळीतला. दुसराच द्या.

मास्तरांनी याकोबच्या पाठीवर थाप मारली. मी राहुरीच्या टेबलाकडं गेलो. चार हात.

संध्याकाळी याकोबनं मला चहाच्या गाडीवर नेलं. तो डाव्या हातानं उजवा खांदा चोळत होता.

"म्हस्के, तुझा हात लई जड हाय गड्या," तो म्हणाला. "महिना झाला, खांदा धरलाय माझा."

मी विचारलं, कधी घेतलास?

"तू रोज माझी फट मोजायचास. मला काय दिसत न्हवतं व्हय? गाडीवरनं खिडकी सरळ दिसती. पहिल्यांदा राग आला. मग म्हनलं, हा येवढा आपल्याला बघतोय, आपन बी याला बघावं. तू जेवायला गेलास की तुझ्या टेबलावर बसून तुझा पैला हात घोटायचो. आन् सकाळच्या दवात तुझा पैला जड हातच चालतो, हे मला राहुरीच्या लाईनवर कळलं. ती कधी परत मागत न्हाई." तो थांबला. "दिवाळीत तू बसलेला तवा मी रजेवर, पर मी परत आल्यावर पुन्याचा मानूस मला रोज इचारायचा, तुमच्याकडं कोन व्हता हो तो. लई जळायचो मी तुझ्यावर."

ते तीन अक्षरांतले विनोद. मला न समजलेले. त्यांतले काही माझ्याबद्दलचे होते.

सांगा, आता या माणसावर चिडायचं कसं? मी चिडलो नाही. मला त्याचा हेवा वाटला. पण जरा नीट पाहिलं तर तो हेवा याकोबवरून घसरून कुठं तरी भलतीकडेच जाऊन बसला होता. दिवाळीत पुण्याच्या टेबलावर बसलेल्या त्या म्हादू म्हस्केवर. ज्याला आपल्याकडं काय आहे याचा पत्ता नव्हता आणि जो कळ ओढून ओढून खुशाल घाम गाळत होता. आजवर मी बऱ्याच लोकांवर जळलो, मेव्हण्यावर, शेजाऱ्याच्या बोअरवर, पण त्या बावळटाइतका हेवा मला कुणाचाच वाटलेला नाही. यंत्राला आपलं वळण लावतो म्हणून आपण स्क्रू पिळत बसतो, आणि पिळला जातो आपणच. हे सुषमाला सांगितलं. तिनं कप पुन्हा उचलला. मग म्हणाली, "पण तुमचा हात तुम्हाला परत मिळाला का?"

त्याची गोष्ट अशी. त्याच वर्षी पुढच्या थंडीत, नवा हंगाम सुरू झाल्यावर, याकोब बहिणीच्या लग्नाला नगरला गेला आणि मास्तरांनी मला आठवड्यासाठी पुण्याच्या टेबलावर बसवलं. मी आधीपासूनच तयारीत होतो. राहुरीच्या लाईनवर गुपचूप स्क्रू सोडून, स्प्रिंग ताणून, खांदा दुखेस्तोवर मी माझा जुना हात शोधत होतो. तो सहजी येत नव्हता. बोटं मध्येच मोहरी सांडायची. पण त्या सकाळी बाहेर दव होतं, खांब ओले होते, गावाकडच्या गाड्या नुकत्याच आल्या होत्या, आणि मी पहिली रेघ ओढली तर ती आली. जड, रुंद, विहिरीच्या तळातून. माझी. मी डोळे मिटून अख्खी तार पाठवली. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू.

पुणं जरा थांबलं. मग साउंडर बोलला, अगदी सौजन्यानं.

"साळवे नाहीत हे कळलं. त्यांची नक्कल करू नका. तुमच्या स्वतःच्या हातानं पाठवा."

काउंटरपाशी व्यापारी खोळंबले होते. मी स्क्रू पिळला, स्प्रिंग सोडली, मनगट टेकवलं आणि पुढची तार याकोबच्या हातानं पाठवली.